लॉरी ऐकायला गेलेले तिघे

आमच्या घरातल्या तिन्ही पुरुषांना कमी ऐकू यायचं. त्या तिघांनी मिळून जुनी लॉरी पारखून घ्यायचं ठरवलं, आणि ज्या एका माणसाचे दोन्ही कान शाबूत होते त्याला, म्हणजे मला, भाकऱ्या थापायला घरी ठेवून ते गेले. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं. माझी माणसं चांगली होती, ते पुढे येईलच. पण राग आधी आला होता, म्हणून तो आधी लिहिते.

माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात जन्म काढून नुकतेच घरी बसले होते. साचेखातं म्हणजे कापड विणायचं खातं. एका छपराखाली शेकडो माग, गिरणीच्या भाषेत साचे, दिवसभर धडधडत असत. तिथे दहा वर्षं काढलेल्याला घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही आणि तीस वर्षं काढलेल्याला घड्याळ खाली पडलं तरी ऐकू येत नाही. आबांची तीसच्या वर भरली होती. आमचे हे त्याच खात्यात चौदा वर्षं फिटर होते. धाकटे भाऊजी गिरणीत नव्हते. ते लढाईत पलटणीच्या लॉऱ्या चालवून आले होते, पण तोफांच्या शेजारून, त्यामुळे त्यांचा डावा कान ब्रह्मदेशातच राहिला. असे घरात पुरुषांचे कान सहा, त्यातले चालू फार तर दोन.

मी गिरगावातली. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्याकडे कुणी जोरात शिंकलं तरी बाकीचे त्याच्याकडे वळून बघत. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा पहिला महिना मी बोलत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, हे लोक नव्या सुनेला मोजतच नाहीत. एकदा "आबा, भात वाढू का?" असं तीनदा विचारून उत्तर आलं नाही, तेव्हा मी पातेलं आपटलं. त्या दणक्याने जमीन हादरली असावी, कारण आबांनी मान वर केली आणि प्रेमाने म्हणाले, "काय गो, भात झालो काय?"

मग हळूहळू कळलं. साचेखात्यात आवाजाचा काही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. शब्द नुसते तोंडात घडवायचे, समोरचा ते ओठांवरून वाचतो. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला डब्यात काय आणलंस म्हणून विचारतो आणि त्याला बांगडा असं उत्तरही मिळतं. मी हे शिकून घेतलं. त्यानंतर आमची नवराबायकोची भांडणं बिनआवाजी व्हायला लागली. शेजारच्या बाया म्हणायच्या, "तुमच्यात कध्धी शब्दाला शब्द नाही हो!" शब्द भरपूर होते. ते त्यांना ऐकू येत नव्हते, एवढंच.

लॉरीचं खूळ निघालं ते डॉक्टरमुळे. ह्यांच्या कानात रात्रंदिवस शिटी वाजायला लागली, म्हणून भोईवाड्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही कान तपासले आणि कागदावर लिहून दिलं: डावा गेला. उजवा अजून आहे. साच्यांत आणखी राहिलात तर तोही जाईल, आणि गेलेला कान परत येत नाही. तो कागद मी कितीदा वाचला असेन! आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, दोन-चार शब्द बोलायला लागली होती. "बाबा" म्हणायला शिकली होती, पण बाबा पाठमोरे असले की तिला हाका मारून मारून रडू यायचं. ह्यांचा उजवा कान वाचवायचा, यापलीकडे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

साचेखातं सोडलं तर खायचं काय, याचं उत्तर भाऊजींकडे तयार होतं. लॉरी चालवायचा परवाना त्यांच्याजवळ होता, ह्यांच्या हातात दुरुस्तीची कला होती, एक जुनी लॉरी घ्यायची आणि दोघा भावांनी माल वाहायचा. अडचण अशी की फंडाचे पैसे राजीनामा दिल्याशिवाय हातात येत नव्हते. ह्यांनी राजीनामा दिला. म्हणजे लॉरी धड निघाली नाही तर पुन्हा त्याच गिरणीच्या दारात, बदली कामगारांच्या रांगेत उभं राहायचं, आणि काम मिळालंच तर त्याच साच्यांत. परतीचा दुसरा रस्ता नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं, आणि तरी तिघं मला न घेता गेले!

जाण्याआधी आठ दिवस घरात वाद चालला होता, लॉरीत काय वाहायचं याचा. आबांना आंबे वाहायचे होते. गावाहून पेट्या भरायच्या, घाट चढायचा आणि बाजारात उतरवायच्या. त्यासाठी लॉरीचे ब्रेक घट्ट हवेत, पाणी उकळता कामा नये आणि बाजूच्या फळ्यांत फटी हव्यात, म्हणजे आंब्याला वारा लागतो. "आणि जूनपासून मार्चपर्यंत?" मी विचारलं. आबांना ते ऐकू आलं नाही. आबांना कधी ऐकू येत नाही आणि कधी येऊ द्यायचं नसतं, हा फरक मला दिसत होता. भाऊजींना दादरकडे नव्या इमारती उठत होत्या तिथे खाडीची रेती टाकायची होती. त्याला चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटे जाड हवेत, तळ पत्र्याचा हवा, लांबी आखूड हवी. आणि ह्यांचं म्हणणं, गिरण्यांतल्या कापडाच्या गाठी गोदीजवळच्या गोदामांत पोचवायच्या. अंतर थोडं, काम बारमाही, सगळ्या गिरण्यांत ओळखी. त्याला लांब, सपाट तळ हवा, गोदामाच्या ओट्याला लागेल एवढ्या उंचीचा, आणि तळाला एकही खिळा वर आलेला नको, कारण गाठीचं गोणपाट फाटलं की आतलं कापड फाटतं आणि मुकादम गाठ परत पाठवतो.

तीन कामं, तीन प्रकारच्या लॉऱ्या. कुणी माघार घेईना. शेवटी तिघांनी जे केलं ते घरात माझ्याशिवाय बाई नव्हती म्हणूनच होऊ शकलं: तिन्ही कामांना थोडी थोडी चालेल अशी लॉरी घ्यायची, असं ठरलं.

शीवच्या पुढे एका शेटजींचा जुन्या गाड्यांचा वाडगा, म्हणजे कुंपण घातलेलं आवार, होता. तिथून तिघं दुपारी परत आले ते वरातीतून आल्यासारखे खुशीत. "काय इंजिन आहे वहिनी!" भाऊजी म्हणाले, "लोण्यासारखं. चालू आहे की बंद तेच कळत नव्हतं!"

"कुणाला कळत नव्हतं?" मी विचारलं.

"आम्हां तिघांनाही!" भाऊजी अभिमानाने म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. आबांनी तर इंजिनाला कान लावून पाहिला होता म्हणे. तीन माणसांची साक्ष, त्यात एक फिटर आणि एक पलटणीतला ड्रायव्हर. शेटजींनी विसार घेतला आणि वर उदार मनाने म्हटलं, रविवारी गाडी घरी नेऊन बाईमाणसांना दाखवा, संध्याकाळी परत आणा, मग बाकीचं बघू.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या चाळीच्या भिंतीवर "झालाच पाहिजे" एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की खालच्या बिऱ्हाडाची खिडकी "पा"च्या पोटात आली होती. मोर्चे, सभा, हरताळ यांची सगळ्यांना सवय झाली होती. पण वस्तीने खरा गोळीबारही पाहिला होता, त्यामुळे ठो असा आवाज झाला की बाया आधी पोरं आत ओढत, मग काय झालं ते बघत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एवढं सांगून मी त्या रविवारकडे वळते.

सकाळी दहाच्या सुमाराला मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. भोईवाड्याच्या बाजूने ठो असा बार ऐकू आला. मग दुसरा. मग मध्ये खडखड, घरघर, आणि पुन्हा लागोपाठ तीन. खालच्या वाण्याने फळ्या लावायला घेतल्या. समोरच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाईकांना चहासकट आत कोंडलं. माझ्या मांडीवरची मुलगी मी घट्ट धरली. शेजारची म्हातारी देवापुढे जाऊन बसली. कुठल्याशा कोपऱ्यावरून घोषणा सुरू झाल्या, पाच-पन्नास तरुण रस्त्यात उतरले आणि बार जवळ यायला लागले.

वळणावरून लॉरी आली. पुढे हे आणि भाऊजी, मागे फळीला धरून आबा उभे. दर वीस पावलांवर सायलेन्सरमधून बार उडत होता, इंजिन धान्याच्या डब्यात दगड घालून हलवावा तसं वाजत होतं, आणि तिघांच्याही तोंडावर स्वर्गीय शांती होती. रस्ता मोकळा होतोय, दुकानं बंद होतायत, माणसं कडेला होतायत हे त्यांना दिसत होतं, फक्त का ते कळत नव्हतं. आबांना वाटलं, वस्ती आपल्या लॉरीला मान देते आहे. त्यांनी टोपी काढून दोन्ही बाजूंना नमस्कार केला.

पोरांनी लॉरीला घेरलं. कुणीतरी आबांना ओळखलं. मग जे हसू फुटलं ते चार चाळींत पसरलं. वाणी फळ्या काढताना शिव्या घालत होता. मी मात्र हसले नाही. मी जिना उतरून खाली गेले, ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि भर रस्त्यात, ओठांनी, जे सुचलं ते सगळं बोलले. ह्यांचा चेहरा उतरत गेला. लोकांना वाटलं, बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही. राजीनामा देऊन झाला होता, आणि नवऱ्याचा कान ज्या लॉरीवर वाचायचा होता ती ही!

"पुढच्या वेळी मी येणार," मी शेवटी मोठ्याने म्हणाले. आबांना ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शेजारणीकडे ठेवून आम्ही चौघं शीवला गेलो. शेटजी पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "विसार वापस नहीं होता बहेनजी. गाडी बदलून देतो. तीन गाड्या खड्या आहेत, कोई भी घ्या." पैकी एक तर आमच्याच बारांची लॉरी होती. दुसरी निळी, नुकता रंग दिलेली. तिसरी भिंतीला टेकून उभी होती, लढाईतली, शेवाळी रंगाची, आणि तिच्या ड्रायव्हरच्या जागी मांजर व्यायली होती.

निळी चालू केली. मी घरातला एकमेव धड कान म्हणून पुढे झाले, पदर खोचला आणि ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. पाठीमागे वाकून, चाकापाशी बसून ऐकलं. इंजिन गुणगुणत होतं, गिअर बदलला तरी खट्ट नाही, मागच्या चाकांतून कसलीही घरघर नाही. भाऊजींनी वाडग्यात दोन फेऱ्या मारल्या. मी ऐटीत सांगितलं, "ही घ्या. आवाज म्हणून नाही." ह्यांच्या डोळ्यांत मला आभार दिसले. मी त्या क्षणी काय फुगले होते, ते आता लिहितानाही लाज वाटते.

वाडग्याच्या त्या टोकाला शेटजी आपल्या मिस्त्रीशी बोलत होते. इतक्या लांबून मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि शेटजींचीही तीच खात्री असावी. पण आबा तिकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी ह्यांच्या दंडाला बोट लावलं आणि ओठांनी विचारलं, "बघलंस?" ह्यांनी मान हलवली आणि ओठांनीच मला सांगितलं, "शेट विचारतोय, भुसा कितना डाला? मिस्त्री म्हणतो, चार मुठी, परेलपर्यंत जाईल."

मला काही कळेना. भुसा? लॉरीत? तेव्हा आम्ही चौघांनी शेटजींच्या देखत, चकार शब्द न काढता, पाच मिनिटं चर्चा केली. शेटजी दुरून कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं असावं, गाडी बघून गिऱ्हाइकाची वाचा बसली. हे ओठांनी मला समजावत होते: मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, त्यातले दाते झिजले की घरघर होते. दाते बदलणं महाग. लबाड माणूस काय करतो, आतल्या तेलात लाकडाचा भुसा कालवतो. तो दात्यांमध्ये बसतो, आवाज दबतो, आणि दोन दिवसांनी सगळं चुरा होऊन बाहेर येतं.

मग ह्यांनी अगदी अदबीने एक पाना मागितला, धुतलेल्या लेंग्यासकट गाडीखाली गेले आणि त्या गोळ्याचा नट काढून बोट आत घातलं. बाहेर आलेल्या बोटावर घट्ट, काळा, दाणेदार लगदा होता. शेटजींनी पान गिळलं. आबांनी ते बोट जवळ ओढून नीट पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "शेट, हेच्यात जरासा मीठ घाला. वडे बरे होतले."

मी खाली मान घालून उभी होते. ज्या कानाच्या जोरावर मी आले होते त्याच कानाने मला फसवलं होतं, आणि ज्यांना मी रस्त्यात बोल लावला त्यांनी घर वाचवलं होतं. हे गाडीखालून बाहेर आले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा मला रागही आला आणि बरंही वाटलं.

उरली मांजरवाली. मांजरीचा संसार एका खोक्यात हलवला आणि भाऊजींनी ती चालू केली. तिचा आवाज ऐकून मी दोन्ही हात वर केले. कर्कश, उघडा, बेशरम आवाज. पण हे म्हणाले, "थांब. तू ऐक, मी हात लावतो." त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला, साच्यावर ठेवायचे तसा. साच्याची चाल फिटर हातानेच ओळखतो, कानाने कुठली ओळखणार! मी ऐकायचं आणि ओठांनी सांगायचं. त्यांनी तळवा सरकवायचा आणि मान हलवायची. "डावीकडे टकटक." तळवा डावीकडे. "वरच्या बाजूला. लयीत आहे." मान हलली: ते सैल आहे, आवळलं की जाईल. "मागे घासल्यासारखं." हे खाली वाकले, हात लावला, हसले: पत्रा. "खालून, खोलवर काही?" मी कान दिला. खोलवर काही नव्हतं. त्यांच्या तळव्यालाही काही लागलं नाही. अर्धा तास आम्ही तसे उभे होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एवढा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो, तेही सासऱ्यांच्या समोर.

मग तळाची पाळी. आबांनी गोदामाच्या ओट्याची उंची सुतळीला गाठ मारून आणली होती; गाठ फळीच्या कडेला बरोबर बसली. खिळ्यांचं काय करायचं, म्हणून हे तळावर हात फिरवायला लागले. मी त्यांना बाजूला केलं. भाकऱ्या बांधून आणलेलं जुन्या लुगड्याचं फडकं सोडलं, गुडघ्यांवर बसले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन पुसावी तसं ओढत गेले. जिथे लुगडं अडलं तिथे खिळा. भाऊजी मागून खडूने खुणा करत आले. अकरा ठिकाणी अडलं. शेटजींनी एवढी वर्षं गाड्या विकल्या, पण तळ लुगड्याने तपासणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून खिळे ठोकून दिले आणि आम्हांला लवकर घालवलं.

लांब तळ बघून भाऊजींनी रेतीचा नाद आधीच सोडला होता. आंब्यांचा प्रश्नही त्यांनी एका वाक्यात मिटवला. "आबा, हिचे ब्रेक सपाटीला ठीक. घाटात नेली तर आधी आंबे खाली जातील आणि मागोमाग आपण." आबा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तळ पावलांनी मोजला आणि किती पेट्या बसल्या असत्या ते मला सांगितलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मलाही ते जमायला लागलं होतं.

लॉरीचं पहिलं भाडं फुकट गेलं. रीतसर पूजा झाल्यावर चाळीतले लोक हक्काने चढले आणि लॉरी शिवाजी पार्कच्या सभेला गेली. आम्ही पार मागे. भाषण रंगात आलं आणि लाउडस्पीकरचा भोंगा बंद पडला. हजारो माणसं चुळबुळ करायला लागली. वक्त्याला मात्र ते कळलं नाही, तो बोलतच होता. आबा टपावर चढले, डोळ्यांवर हात धरला आणि वक्त्याचे ओठ वाचून आपल्या दणदणीत आवाजात भाषण मागच्या लोकांना सांगायला लागले. वक्त्याला मिशा नव्हत्या हे नशीब. ते भाषण आमच्या बाजूच्या लोकांनी मालवणीतून ऐकलं, आणि टाळ्या पुढच्यांपेक्षा जास्त पडल्या.

मग कामं मिळायला लागली. एका गिरणीतून दुसरीत, दुसरीतून गोदामात. चार-पाच महिने गेले. ह्यांच्या कानातली शिटी कमी झाली की सवय झाली, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मुलगी पाठीमागून हाक मारायची, ते कधी वळायचे, कधी नाही. मी त्याबद्दल बोलत नसे. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं नावही आम्ही दोघं काढत नव्हतो.

एका दुपारी मला गिरगावला, माहेरी जायचं होतं. हे म्हणाले, बस गाडीत, वाटेत एक गाठींची खेप आहे, ती भरून तुला सोडतो. आबाही दोर बांधायला बरोबर होते. गाठी होत्या ह्यांच्या जुन्या गिरणीतल्या. लॉरी आत घेतली ती साचेखात्याच्या भिंतीशीच. मी मुलीला घेऊन पुढे बसून राहिले. भाऊजी आणि हमाल गाठी चढवायला लागले. ह्यांनी सोबत्यांसाठी पेढे आणले होते. पुडा हातात घेऊन, भांग सारखा करून ते खात्याच्या दारातून आत गेले. दार उघडलं तेवढ्यात जो आवाज बाहेर आला त्याने मुलगी दचकली आणि माझ्या पोटाशी शिरली.

दोन मिनिटंही झाली नसतील. दार धाडकन उघडलं आणि हे पळतच बाहेर आले. दोन्ही हात कानांवर, पेढ्यांचा पुडा काखेत चिरडलेला, डोळ्यांत पाणी. मी घाबरून खाली उतरले. "काय झालं? लागलं का कुठे?"

"काय आवाज आहे गं तो!" हे म्हणाले. उजव्या कानावरचा हात काढवत नव्हता त्यांना. "कान दुखला. अगं, केवढा दुखला! चौदा वर्षं मी ह्यात होतो?"

नवऱ्याला दुखलं म्हणून आनंदाने रडणारी त्या वेळी मुंबईत मी एकटीच असेन. मला त्यांचा हात धरायचा होता. गिरणीच्या आवारात, हमालांच्या देखत ते शक्य नव्हतं, म्हणून मी मुलगी त्यांच्याकडे दिली. ती त्यांच्या कानाशी काहीतरी बडबडली आणि ते "हो" म्हणाले. मग त्यांनी खात्याच्या दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळे आतच आहेत गं अजून."

आबा दोर हातात घेऊन आमच्याजवळ आले. दारापासून दहा पावलांवर उभे होते ते. आमचे रडके चेहरे बघून त्यांनी विचारलं, "काय झाला?"

मी ओठांनी सांगितलं, "ह्यांना आतला आवाज सोसला नाही."

आबांनी वळून दाराकडे पाहिलं. दार अजून उघडंच होतं. थोडा वेळ ते तसेच मान कलती करून उभे राहिले.

"खूप मोठो आसा काय गो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ते गाठींवर दोर टाकायला गेले.